गार्डकाकांनी जंगल निवडलं

पुढे बघून चालणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात. पण मागे बघत बघत आयुष्यभर पुढे गेलेला माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. हे विधान मी जबाबदारीने करते आहे आणि कोणी कितीही दबाव आणला तरी मागे घेणार नाही. काकांनी सगळी नोकरी मालगाडीवर गार्ड म्हणून काढली. मालगाडीचा गार्ड म्हणजे गाडीच्या शेपटाला लावलेल्या, पिंजऱ्यासारख्या डब्यात एकटाच बसलेला माणूस. इंजिन तलासरी तालुक्यात शिरलेलं असतं तेव्हा हा अजून डहाणूतच असतो. ड्रायव्हरला जग समोरून येताना दिसतं, गार्डला ते निघून जाताना दिसतं. निवृत्तीच्या सुमाराला रेल्वेने गार्ड हे नाव काढून टाकून ट्रेन मॅनेजर असं नवं नाव दिलं, तेव्हा पेढे वाटायच्या ऐवजी काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅनेजर बँकेत असतो. त्याला डोक्यावर पंखा असतो."

नोकरी संपली, पण शेवटचा डबा काही काकांच्या अंगातून उतरला नाही. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचतात. जेवायला बसले की पंगतीच्या शेवटच्या पानावर बसतात, आणि मिठापासून ताकापर्यंत सगळं तिथपर्यंत पोचलं याची खात्री झाल्याशिवाय पहिला घास उचलत नाहीत. डहाणूतल्या मसोलीच्या त्यांच्या घरून पाहुणा निघाला की काका त्याच्याबरोबर खाली उतरतात, रिक्षाच्या मागे जाऊन उभे राहतात, कोणाची ओढणी बाहेर लोंबत नाही ना, कोणाची पिशवी राहिली नाही ना, हे वाकून बघतात, आणि मगच खिशातला हिरवा रुमाल काढून हात सरळ वर करतात. आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना याची इतकी सवय झाली आहे की काकांनी हिरवा दाखवल्याशिवाय ते गिअरच टाकत नाहीत. एकदा घाईत असलेल्या एका पाहुण्याने "चलो, चलो" म्हणून आरडाओरडा केला, तर रिक्षावाला आरशात बघत थंडपणे म्हणाला, "सिग्नल नाय मिळाला, शेठ."

कासाला माझ्या धाकट्या मावशीच्या मुलाचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्या नात्यात अजून सांगतात. वऱ्हाड चार गाड्यांतून निघालं. काकांनी चारोटी नाक्यावर सगळ्यांना थांबवलं आणि जाहीर केलं, शेवटची गाडी आल्याशिवाय एक चाक पुढे हलणार नाही. ऊन मी म्हणत होतं. नवरदेवाच्या मुंडावळ्या कोमेजल्या. तिकडे मुहूर्त टळत आला. शेवटी फोन लागला तेव्हा कळलं की ती गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती आणि त्यातली मंडळी मांडवात सरबत पीत बसली होती. सगळे काकांवर तुटून पडले. काका शांतपणे म्हणाले, "ती पुढे गेली असेल, तर ती शेवटची गाडी नव्हेच. शेवटची आपली." आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले.

मी स्वतः पत्रकं काढणारी मुलगी. खाडीत भराव घालणाऱ्यांच्या विरोधात, रस्त्याकडेची झाडं तोडणाऱ्यांच्या विरोधात, जे जे विरोध करण्यासारखं आहे त्या सगळ्याच्या विरोधात आमची मंडळी पत्रकं काढतात आणि त्यातला मजकूर बहुतेक वेळा माझा असतो. घरातली मोठी माणसं माझ्या मोर्चांना "हिची थेरं" म्हणतात. एकटे काका येतात. तलासरीला आम्ही मोर्चा नेला तेव्हाही आले होते. अर्थात शेवटच्या रांगेच्याही मागे. मोर्चातली एक आजी मध्येच टमाटे घ्यायला थांबली. मोर्चा पुढे गेला, घोषणा झाल्या, निवेदन दिलं, पांगलासुद्धा. आणि काका तिकडे बाजारात त्या आजीचे टमाटे निवडून होईपर्यंत उभे. दुसऱ्या दिवशी बातमीत जो एकमेव फोटो आला त्यात ती आजी, टमाट्यांची टोपली आणि तिच्या मागे छाती पुढे काढून उभे असलेले काका एवढंच होतं. खाली लिहिलं होतं, जनतेचा उदंड प्रतिसाद. मी संतापाने पेपर फाडायला निघाले, तर काका म्हणाले, "मोर्चा मोजायचा तो शेवटून मोजावा. कोणी गळलं नाही ना, ते महत्त्वाचं."

या माणसाशी संसार केला माझ्या मावशीने, तोही वाट बघत. मालगाडीला वेळापत्रक नसतं. सकाळी येतो म्हणून गेलेला माणूस परवा येतो. काकांची बरीचशी नोकरी सुरतेजवळच्या उधन्याहून नंदुरबारच्या बाजूला जाणाऱ्या लाइनीवर झाली. प्रवासी गाड्यांना वाट द्यायला मालगाडी बाजूच्या रुळावर टाकतात आणि मग विसरून जातात. डोंगरात, सागाच्या जंगलात, स्टेशन म्हणावं असं काही नाही अशा ठिकाणी काका त्या पिंजऱ्यात तासन् तास बसत. समोर माणूस नाही, पण जनावरं यायची. काका घरी आले की हातपाय धुता धुताच सुरू व्हायचे. "आज काय झालं माहीत आहे? नवापूरच्या अलीकडे उभे होतो. भेकर आलं. अगदी रुळापर्यंत. माझ्याकडे बघितलं आणि खोकलं." एकदा तरस, एकदा पिल्लांसकट रानडुकरीण, एकदा तर बिबट्या, रुळावर मांजरासारखा अंग चाटत बसलेला. मावशी तव्यावर भाकरी फिरवत "हो का" म्हणायची. काका निवृत्त झाले, गळ्यातला हार काढून खुंटीला लावला, आणि त्याच दिवशी मावशीने आपली मागणी मांडली. मी कितीतरी मागणीपत्रं लिहिली आहेत, पण इतकं नेमकं मला कधी जमलेलं नाही. ती म्हणाली, "उभा जन्म तुमच्या तोंडून जनावरं पाहिली. आता एक मला माझ्या डोळ्यांनी दाखवा. माकड सोडून."

काकांनी तिथल्या तिथे शब्द दिला. आणि इथून पुढे त्यांचं जंगल निवडणं सुरू झालं, ते इतके उन्हाळे चाललं की तेवढ्यात एखादं नवं जंगल उगवलं असतं. कारण काकांना नुसतं जंगल नको होतं. चोख सहल हवी होती. डहाणू रोडच्या बाजारातल्या सगळ्या सहलवाल्यांचे रंगीत कागद घरात आले. प्रत्येक कागदावर एक वाघ, एक तलाव, एक सूर्यास्त, आणि त्याच्याखाली तरणतलावात हसणारं कुटुंब. मी ते कागद बघून पेटून उठायचे. वाघ म्हणजे काय जत्रेतला पाळणा आहे? 'हमखास व्याघ्रदर्शन' हे शब्द छापायची हिंमत होते कशी? एक एजंट तर घरी येऊन सोफ्यावर बसून म्हणाला, "काका, टायगर हंड्रेड परसेंट! लिहून देतो. आपला माणूस आहे आतमध्ये." मी त्याला विचारलं, "आतमध्ये म्हणजे? वाघात?" मावशीने मला डोळ्यांनी दटावलं. पण काकांना हमीशी काहीच देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रत्येकाला एकच प्रश्न असायचा. चष्मा पुसून, पुढे वाकून ते विचारायचे, "तुमच्या चार-पाच जिप्सी एकामागोमाग जंगलात गेल्या. शेवटच्या जिप्सीत जबाबदार माणूस कोण?"

एजंट गडबडायचे. जेवणात काय, खोलीत एसी आहे का, व्हेज वेगळं मिळेल का, या सगळ्याची उत्तरं त्यांना तोंडपाठ. पण हा प्रश्न त्यांना जन्मात कोणी विचारलेला नसायचा. "शेवटच्या गाडीत पण ड्रायव्हर असतोच की, काका." काका मान हलवायचे. "ड्रायव्हर पुढे बघतो." नापास. दुसरा म्हणाला, "आमचे टूर मॅनेजर पहिल्या गाडीत असतात, सगळ्यांना लीड करतात." मॅनेजर हा शब्द कानावर पडताच काकांनी त्याचा चहासुद्धा पुरा होऊ दिला नाही. अशाने ताडोबा गेलं, पेंच गेलं, कान्हा गेलं. शेजारच्या बँकेतल्या साहेबांनी गीर सुचवलं, म्हणाले, "सिंहच बघा. वाघासारखे भाव खात नाहीत, कळपाने बसतात, मुलाखत देतात." काकांनी गीरच्या तिघाचौघांना फोन लावले, गुजरातीत तोच प्रश्न विचारला आणि गुजरातीत नापास केलं.

यंदा मात्र वेळ येऊन ठेपली. मावशीचा डावा गुडघा पार गेला होता. वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पावसाच्या तोंडावर ऑपरेशन करून टाका, आणि त्यानंतर बरेच महिने उघड्या जीपमधून हाडं खिळखिळी करून घ्यायचं नाव काढू नका. इकडे पाऊस लागला की जंगलाची मुख्य दारं बंद. म्हणजे हा उन्हाळा गेला की मावशीचं जनावर गेलं. सगळे तिला विचारायला लागले, तुला काय बघायचंय, वाघ की सिंह? मावशी सोलत असलेला चिकू ताटलीत ठेवत म्हणाली, "मला वाघ चालेल, सिंह चालेल, तरस असेल तरी चालेल. जुलै चालणार नाही."

त्या दिवशी काका पहिल्यांदा घाबरलेले मी पाहिले. मी म्हटलं, "काका, डोळे मिटून कुठलीही सहल घ्या आता! माणूस महत्त्वाचा की प्रश्न?" ते म्हणाले, "माणूस महत्त्वाचा, म्हणूनच प्रश्न." मग मीच शोधाशोध केली आणि नागपूरकडची एक बाई सापडली. एकटीच ताडोबाच्या छोट्या सहली काढते, तिचा रंगीत कागदसुद्धा नाही. फोन स्पीकरवर ठेवला. काकांनी घसा खाकरून प्रश्न टाकला. पलीकडून जराही न थांबता उत्तर आलं, "शेवटच्या गाडीत मी असते. पुढच्यांना गाइड सांभाळतात. मागे राहिलेल्यांना कोण सांभाळणार?" काका खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनसमोर! मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "झाली का हो पास?" काकांनी नुसता हिरवा रुमाल काढला.

मग घरात जी धांदल उडाली ती काय सांगू! जंगलात भडक कपडे चालत नाहीत म्हणून त्या बाईने कळवलं होतं आणि मावशीचं अख्खं कपाट जांभळं आणि लाल. आम्ही बाजारात गेलो. मावशीने दुकानातल्या सगळ्या साड्या बाजूला सारून कोपऱ्यात कोणी न घेता पडून राहिलेली एक शेवाळी साडी ओढून काढली, तेव्हा दुकानदाराला राहवेना. "बेन, आ कलर तो कोई लेतुं ज नथी." मावशी म्हणाली, "वाघाला चालतो." जंगलात गप्प बसावं लागतं म्हणून तिने घरात तालीम सुरू केली, भाजीवालीशी खुणांनी बोलायला लागली, तेव्हा भाजीवाली मला बाजूला घेऊन विचारते, "बाईंचा घसा बसला की नवऱ्याशी वाजलंय?" चिंचणीहून आणलेले सुके बोंबील प्रवासात तोंडी लावायला म्हणून पेटीत निघाले होते, ते मी बाहेर काढले. काकांनीही मला दुजोरा दिला. "राहू दे. वाघ वासावर चिंचणीपर्यंत मागे येईल." माझं नाव सहलीत कसं घुसलं, हेही सांगायला हवं. मावशी काकांना म्हणाली, "हिला घ्या. ही भांडते. प्रवासात एक भांडणारं माणूस लागतं."

मुंबईवरून जायचं काकांनी साफ नाकारलं. डहाणूहून आधी सुरत आणि तिथून आपल्या जुन्या लाइनीवरून नागपूर. नवापूर जवळ आलं तसे काका मावशीला खिडकीशी बसवून दाखवायला लागले, "हे बघ, इथे भेकर. तो दगड दिसतो? तिथे तरस." मावशी मन लावून रिकाम्या दगडाकडे बघायची. गाडी त्या सगळ्या जागांवरून धडधडत निघून गेली, कुठेही न थांबता. पण मावशीचा चेहरा असा फुलला होता जसं काही पडदा वर जायची तिसरी घंटा झाली आहे.

ताडोबाच्या दाराशी पहाटेचं फटफटत होतं. मोबाइल आत न्यायला बंदी, ते काढून घेतले. मला तो नियम फारच आवडला आणि मी तसं तिथल्या माणसाला ठणकावून सांगितलंही. तीन जिप्सी. पहिलीत आम्ही तिघं आणि एक नवरा-बायको. शेवटच्या जिप्सीत ती नागपूरची बाई, डोक्याला रुमाल बांधून, मागच्या सीटवर. काकांनी तिला लांबून अशी मान लववली जशी एक सेनापती दुसऱ्याला लववतो. मावशीला चढवायला मी आणि ड्रायव्हरने खालून जोर लावला. जिप्सी आत शिरली आणि मावशी जी उत्साहाने पेटली! हरणं दिसली, तिने मला चिमटा काढला. मोर दिसला, चिमटा. गवा दिसला, तो कुंपणासारखा रस्त्याला आडवा उभा, तेव्हा तिने एकदम दोन चिमटे काढले. बोलायचं नाही हा नियम ती प्राणपणाने पाळत होती आणि माझा दंड काळानिळा होत होता. काका पाठमोरे बसून मागच्या बातम्या देत होते, "मोर आता खाली उतरला." आमच्या जिप्सीतला तो नवरा मात्र सारखा विचारत होता, "वाघ कधी? वाघ कुठंय?" मी शेवटी वळले आणि बोलायला लागले, की जंगल हे तुमच्यासाठी मांडलेलं दुकान नाही, वाघ ही वस्तू नाही, या सगळ्यावर त्याचा पहिला हक्क, आणि आपण इथे... गाइड ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, बरोबर आहे. पण वाघपण ऐकून राहिलाय."

वाघ काही दिसला नाही. मध्ये एक जागा आहे, तिथे खाली उतरायला परवानगी असते. गाड्या एकामागे एक लागल्या. लोक चहा प्यायला पांगले. मावशी गुडघ्यामुळे वरच बसून राहिली, मी तिच्यापाशी. ऊन चढत होतं. मावशीने हळूच विचारलं, "किती वेळ राहिला गं?" मी सांगितलं, थोडाच. ती म्हणाली, "गवा दिसला ना. मोठा होता." आणि शेवाळी साडीचा पदर उगाच सारखा करत बसली. काका कुठे म्हणाल, तर खाली उतरून थेट शेवटच्या जिप्सीमागे. मागचा दिवा सैल आहे, स्टेपनीचा नट ढिला आहे, हे त्या नागपूरच्या बाईला दाखवत होते आणि तीही वाकून बघत होती.

इतक्यात रानातून आवाज आला. ठॅंक्! घंटेवर दगड मारावा तसा. गाइडचा हातातला कप तसाच राहिला. "सांबर. कॉल आहे, वाघ जवळच आहे. बसा, बसा, बसा!" माणसं चहा टाकून धावली. आमचा ड्रायव्हर उडी मारून बसला, इंजिन सुरू केलं आणि सवयीने मागे वळून बघितलं. मीही बघितलं. सगळ्यात शेवटी, तिसऱ्या जिप्सीच्या शेपटाशी, काका उभे होते. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कोणी खाली राहिलं नाही याची खात्री केली, आणि हात सरळ वर केला. हातात हिरवा रुमाल.

"अहो थांबा, काका राहिले!" मी किंचाळले. "त्यांनीच तर सोडली ना गाडी!" ड्रायव्हर म्हणाला आणि जिप्सी उधळली. गार्ड गाडी सोडतो आणि मग आपल्या, शेवटच्या डब्यात चढतो. काकांच्या हाताने आणि पायाने हे इतक्या वेळा केलं होतं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. मागे धुळीतून मी बघते तर काकांनी दोन पावलं धावून, या वयात, चालत्या तिसऱ्या जिप्सीचा दांडा धरला आणि रुबाबात वर चढले. नागपूरच्या बाईने सरकून जागा दिली. मावशीने मागे वळून पाहिलं आणि बोलायचं नाही हा नियम चालत्या जिप्सीत पहिल्यांदा मोडला. "गेले का शेवटच्या डब्यात!" ती म्हणाली.

वळण घेतलं आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. वाघीण रस्त्यातच होती. आमच्याकडे येत नव्हती, पळत नव्हती. आपल्या ओसरीवरून अंगणात उतरावं तशी बांबूतून उतरून रस्ता ओलांडत होती. मध्यावर थांबली. तोंड वळवून आमच्याकडे बघितलं. तिच्या कानामागचे पांढरे ठिपके, खांद्याखाली सरकणारं हाड, पंजा टेकताना उडालेली थोडीशी धूळ, सगळं अगदी जवळ. माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक घोषणा असते. तेव्हा एकही नव्हती. चिमट्याची वाट बघत मी दंड आवळून धरला होता, पण चिमटा आला नाही. मावशीने पुढच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि दुखऱ्या गुडघ्यावर, कोणाचाही आधार न घेता, उठून उभी राहिली होती. वाघीण समोरच्या बांबूत शिरली. मग मागच्या जिप्सी आल्या. त्यांना हलणारा बांबू तेवढा दिसला, पुढच्या क्षणी तोही थांबला.

तिसरी जिप्सी बाजूला येऊन लागली. लोक विचारत होते, किती मोठा होता, नर होता का, कुठे गेला. काका काही विचारत नव्हते. ते मावशीकडे बघत होते, ती अजून उभीच होती. त्यांनी मला विचारलं, "हिने पाहिली?" मी मान डोलावली. काकांनी डोळे मिटून लांब श्वास सोडला, आणि तेवढ्यावर संपलं, असं मला वाटलं. दुपारी पुन्हा फेरी झाली. काका पहिल्या जिप्सीत पुढच्या सीटवर बसले, सगळा वेळ समोर बघत. वाघ आला नाही. तरसही नाही. मीच ड्रायव्हरवर, गाइडवर, पार्कच्या वेळांवर चिडत राहिले. "एक माणूस इतकी वर्षं वाट बघतो आणि..." काकांनी मला गप्प केलं. "वाट मी नव्हती बघितली. तिने बघितली होती."

परतीच्या गाडीत रात्रीची जेवणं व्हायच्या आधी काका हातपाय धुऊन आले, जागेवर बसले आणि सवयीने सुरू झाले, "आज काय झालं माहीत आहे..." आणि थांबले. त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मावशीने डबा उघडून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही जेवा. मी सांगते." आणि माझी मावशी, जिने उभ्या संसारात "हो का" यापलीकडे जनावरांविषयी एक शब्द काढला नव्हता, ती जळगाव येईपर्यंत बोलत होती. काका घास हातात धरून ऐकत होते. मध्येच विचारायचे, "शेवटी काय दिसलं? अगदी शेवटी?" मावशी सांगायची, "सगळी आत गेली. फक्त शेपटीचं टोक बाहेर. वर उचललेलं." काका म्हणायचे, "हो का!"

मावशीचं ऑपरेशन नीट झालं. आता संध्याकाळी ती मसोलीच्या गॅलरीत पाय लांब करून बसते, काका शेजारी स्टुलावर, आणि रोज कोणी ना कोणी वाघीण ऐकायला येतं. कोणी आलं नाही तर काका एकटेच ऐकतात. त्या वाघिणीची लांबी दर आठवड्याला वाढते आहे. परवा तर तिने डरकाळी फोडली. मी तिथे होते, तिने काही डरकाळी फोडलेली नाही. खोट्या दाव्यांचं जागच्या जागी खंडन करायचं हे आमच्या मंडळींचं धोरण आहे, पण मी चहा पीत गप्प बसते.

परवा निघताना काका माझ्याबरोबर खाली आले. मी रिक्षात बसले आणि म्हटलं, "काका, पुढच्या उन्हाळ्यात मावशीचा पाय बरा होईल. परत जाऊ. त्याच बाईकडे. या वेळी मी तुम्हाला पहिल्या गाडीतून खाली उतरूच देणार नाही. वाघ बघायचा म्हणजे बघायचा!"

काकांनी माझी ओढणी आत सारली. जरा वेळ वर गॅलरीकडे बघत राहिले. तिथे मावशी कोणाला तरी हात पसरून लांबी दाखवत होती.

"नको गं," ते म्हणाले. "दोघांनीही पाहिला, तर मग सांगायचं कोणी कोणाला?"